हात वर केला की ब्लाउजही वर

प्रश्न : कुणबी साडीच्या चौकड्यांच्या सुती कापडाचा अस्तर लावून ब्लाउज शिवला. हात उचलला की खालची पट्टी वर सरकते, बगलेतही काचतं. म्हणून मुंढा (बाही जोडायचा घेर) अर्धा इंच खोल केला, तर आणखीच बिघडलं. चवथीला घालायचाय.
– वाचक, फोंडा

उत्तर : काचलं की सगळ्यांचा हात आधी कात्रीकडे जातो, आणि नेमकं तिथेच चुकतं. मुंढा खाली उतरवला की बगलेपासून कमरेपर्यंतची शिवण आणि बाहीची खालची शिवण, दोन्ही आखूड होतात. हात वर नेताना ताण येतो तो याच दोन शिवणींवर. तिथे लांबी उरली नाही की अख्खा ब्लाउज हाताबरोबर उचलला जातो. मुंढ्याचा तळ बगलेच्या खाली अर्धा-पाऊण इंच पुरे.

कापलेलं परत येत नाही, पण बगलेत चौकोनी तुकडा घालून ब्लाउज वाचेल. बाजूची शिवण बगलेपासून खाली २ इंच आणि बाहीची शिवण बगलेपासून पुढे २ इंच उसवा, अस्तरासकट. मुंढ्याची शिवण तशीच राहू द्या. उरलेल्या कापडातून अडीच इंचांचा चौकोन कापडाच्या धाग्यांना तिरका कापा, म्हणजे चौकडे जुळवायची कटकटही नाही. त्याचा एक कोपरा बाहीकडे, एक कमरेकडे आणि उरलेले दोन मुंढ्याच्या शिवणीवर येतील. चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड). प्रत्येक टीप कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबवून दोरा गाठा. टीप कडेपर्यंत नेलीत तर कोपऱ्यात चुणी पडते आणि ती इस्त्रीनेही जात नाही. आधी धावदोरा घालून, हात वर करून बघा, मगच मशीनवर घ्या.

पुढच्या वेळी मुंढा आधी साध्या मांजरपाटावर शिवून तपासा. हातमागाचं सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. आटायचं ते आधीच आटू दे. लाल रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग फडक्यावर उतरला तर पांढरं अस्तर लावू नका. (कुणबी साडी मुळात खांद्यावर गाठ मारून, ब्लाउजशिवाय नेसायची. फिटिंगचा घोळ आपण नंतर ओढवून घेतला!)

प्रश्न : पावसात पायाचं मशीन जड चालतं, पट्टा घसरतो आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. बॉबीनचा स्क्रू कितीही फिरवला तरी फरक नाही.
– वाचक, काणकोण

उत्तर : स्क्रू पहिल्यासारखा करून ठेवा, बिघाड तिथे नाहीच. गुंता खाली दिसला तरी दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही, वरच तरंगतो. दाबपट्टी उचलून सगळा दोरा पुन्हा ओवा. सुईही बदला. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या सुईच्या टोकाला गंज धरतो, डोळ्याला दिसत नाही, पण नखावरून फिरवली की खरखरते. नवी लावताना सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला ठेवा, चपटी बाजू उलट दिशेला.

चामड्याचा पट्टा दमट हवेत सैल पडतो. पाव इंच कापून आकडा पुन्हा लावा. एकदम जास्त कापू नका, घट्ट पट्ट्याने मशीन अजून जड होतं. तेल मशीनचंच. खोबरेल घातलंत तर ते चिकटतं आणि मग सगळं खोलून पुसावं लागतं.

प्रश्न : कडा फार सुटतात. इंटरलॉकचं मशीन घेऊ का?
– वाचक, म्हापसा

उत्तर : महिन्याला दोन-चार कपडे होत असतील तर नको. पातळ कापडाला फ्रेंच शिवण करा. अर्धा इंच माया ठेवा, सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप घाला, कडा अर्ध्याने छाटा, उलटवा, पुन्हा पाव इंचावर टीप. कुणबी कापडासारख्या जाड कापडाला ही शिवण फुगते, त्याच्या कडांना तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टीच लावा.