दुर्मीळ पाम ओळखताना आणि वाढवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी ‘बॉटल पाम’ म्हणून आणलेले रोप आता कमरेएवढे झाले आहे. त्याचा बुंधा फुगलेला आहे, तरीही एका जाणकारांनी तो ‘स्पिंडल पाम’ असल्याचे सांगितले. सोबत छायाचित्रे पाठवली आहेत. खरे नाव कोणते?

उत्तर : बुंधा फुगला म्हणजे बॉटल पाम, ही समजूत या जोडीच्या बाबतीत हमखास चकवते, कारण लहान वयात दोन्ही झाडांचा तळ जाडसर असतो. दोन्ही हायोफोर्बे या एकाच प्रजातीतील (म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातील) आहेत. बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावरचा, तर स्पिंडल पाम रॉड्रिग्ज बेटावरचा. पूर्ण वाढलेल्या बॉटल पामचे खोड तळाशी सर्वांत फुगीर असते आणि वर जाताना बाटलीच्या मानेसारखे एकदम निमुळते होते. स्पिंडल पामचा फुगवटा मात्र खोडाच्या मध्यावर किंवा त्याहून वर येतो. पण हा फरक स्पष्ट दिसायला बरीच वर्षे जावी लागतात, म्हणून लहान रोपात खोडाऐवजी पानांकडे पाहावे.

बॉटल पामवर एका वेळी चार ते सहाच झावळ्या असतात, त्या कमानीसारख्या वाकलेल्या आणि पुष्कळदा किंचित पिळवटलेल्या असतात. त्यांच्या पर्णिका, म्हणजे झावळीच्या पात्या, दोन्ही बाजूंना एकाच पातळीत उभ्या राहतात, त्यामुळे झावळी टोकाकडून पाहिली तर तिचा आकार उघड्या पुस्तकासारखा दिसतो. स्पिंडल पामच्या पर्णिका मधल्या दांड्यातून थोड्या वेगवेगळ्या कोनांत निघतात आणि झावळी काहीशी पिसारल्यासारखी वाटते. आपल्या छायाचित्रात आठ झावळ्या मोजता येतात आणि पर्णिकांचे कोनही एकसारखे नाहीत, म्हणून माझा कौल स्पिंडल पामच्या बाजूने आहे. देठावरच्या तांबूस छटेवरून बॉटल पाम ओळखण्याची पद्धत आहे, पण ती छटा उन्हाप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलते, त्यामुळे केवळ तिच्यावर मी निर्णय सोपवणार नाही. नाव बदलले म्हणून निराश होऊ नये. स्पिंडल पामही आपल्या मूळ बेटावर अतिशय दुर्मीळ आहे आणि बागेत तो बॉटल पामपेक्षा थोडी अधिक थंडी सोसतो.

प्रश्न : झाडाला फुले-फळे नसताना पामची ओळख पटवायला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : पाम कुळात सुमारे २,६०० जाती आहेत. नुसत्या पानाच्या छायाचित्रावरून त्यांतील नेमकी जात सांगणे बहुधा अशक्य असते, पण शोधाचे वर्तुळ लहान करणे नक्कीच शक्य असते. पहिला प्रश्न पानाच्या घडणीचा असावा : पान पंख्यासारखे आहे, की नारळाच्या झावळीसारखे पिच्छाकृती? पिच्छाकृती पानाच्या पर्णिका पुन्हा विभागलेल्या असतील आणि त्या माशाच्या शेपटीसारख्या दिसत असतील, तर शोध तेथेच संपतो. असे दुहेरी विभागलेले पान भेरली माडाच्या कॅरिओटा या प्रजातीतच आढळते.

दुसरी खूण फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत विश्वासाची आहे. पर्णिका जेथे मधल्या दांड्याला चिकटते तेथे तिची घडी कोणत्या दिशेला उघडते, हे बोट लावून पाहावे. घडी वरच्या बाजूला उघडत असेल, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यात साठू शकेल अशी पन्हळ तयार होत असेल, तर तो एक गट. घडी कौलारू छपरासारखी असेल आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जाईल, तर तो दुसरा. पंख्यासारखी पाने असलेले बहुतेक पाम पहिल्या गटात येतात. पिच्छाकृती पानांच्या पामपैकी बहुसंख्य दुसऱ्या गटात असतात, पण खजूर आणि शिंदी ज्या फिनिक्स प्रजातीत मोडतात, ती मात्र पहिल्या गटातली आहे. त्यामुळे पान पिच्छाकृती, घडी वर उघडणारी आणि देठाकडच्या पर्णिकांचे काटे झालेले, अशा तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की ते फिनिक्सच समजावे.

त्यानंतर शेंड्याखाली पाहावे. रॉयल पामप्रमाणे पानांचे तळ एकमेकांना घट्ट लपेटून गुळगुळीत हिरवा स्तंभ तयार झाला आहे, की जुने तळ खोडावर तुटक्या खुंटांसारखे राहिले आहेत? पंखाकृती पान असेल, तर देठ आणि पाते जुळतात तेथे जिभेसारखा छोटा उंचवटा आहे का, देठाच्या कडेला काटे आहेत का आणि पात्याची खालची बाजू लवदार किंवा पांढरट आहे का, हेही टिपून ठेवावे. छायाचित्र पाठवताना संपूर्ण झाडाच्या एका चित्राबरोबर या जागांची जवळून घेतलेली चित्रे असावीत. वाचकांकडून येणारी बहुतेक चित्रे दूरवरून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर घेतलेली असतात आणि त्यांत नेमक्या हव्या त्या खुणा दिसत नाहीत.

रोपांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. पिच्छाकृती पानांच्या कित्येक जातींची पहिली पाने अखंड किंवा टोकाशी दुभंगलेली असतात, त्यामुळे चार-पाच पाने येईपर्यंत नाव पेन्सिलीनेच लिहावे.

प्रश्न : ‘निळा लटानिया’ म्हणून मिळालेल्या बियांतून आलेल्या सहा रोपांपैकी दोघांचे देठ लालसर आहेत. ही रोपे एकाच जातीची असतील का?

उत्तर : असतीलच असे नाही. लटानिया या पामच्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही मास्करीन बेटांवरच्या : निळसर पानांची मॉरिशसची, लालसर रंगाची रेयुनियनची आणि पिवळसर रंगाची रॉड्रिग्जची. यात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. जेथे तिन्ही जाती एकत्र लावलेल्या असतात, तेथे मादी झाडावर परागकण कोणत्या जातीचा पडला हे कोणालाच सांगता येत नाही आणि तेथील बियांतून संकर सहज निपजतात. त्यातच निळ्या लटानियाच्या कोवळ्या रोपातही लाल छटा असते व ती वयाबरोबर फिकट होते. म्हणून आणखी दोन-तीन वर्षे वाट पाहावी. तोवर बियांची टरफले टाकून देऊ नयेत, कारण या तीन जातींच्या बियांवरचे कोरीव नक्षीकाम वेगवेगळे असते आणि पुराव्याच्या दृष्टीने त्याचे मोल पानांच्या रंगाहून अधिक आहे.

प्रश्न : बिस्मार्किया पामच्या बिया पेरून चार महिने झाले. उकरून पाहिले, तर एका बीतून पांढरी दोरीसारखी नळी खाली गेलेली दिसली, कोंब मात्र नाही. बी वाया गेले का?

उत्तर : बी उत्तम रुजले आहे. कृपया ते पुन्हा उकरू नये. मादागास्करच्या या रुपेरी पामचा कोंब बीपाशी येत नाही. बीतून निघालेली नळी आधी खोल जमिनीत उतरते आणि तिच्या टोकाशी, बीपासून काही अंतरावर, मूळ व कोंब तयार होतात. ताड आणि खजूर यांचीही हीच रीत आहे. बी तोवर अन्न पुरवत असते, त्यामुळे ती नळी तुटली की रोप उपाशी मरते. अशा जातींसाठी उथळ तबक उपयोगाचे नाही, खोल आणि अरुंद कुंडीच हवी. शक्य असल्यास बी थेट कायमच्या जागी लावावे, कारण बिस्मार्कियाला मुळांची हालचाल मुळीच खपत नाही. याउलट नारळ, सुपारी किंवा बॉटल पाम यांचा कोंब बीला चिकटूनच येतो आणि त्यांची रोपे हलवणे तुलनेने सोपे जाते.

पाम-बियांबद्दल येणाऱ्या इतर पत्रांचेही उत्तर येथेच देतो. बी उगवत नाही याचे सर्वांत सामान्य कारण शिळे बी हे आहे. अनेक उष्णकटिबंधीय जातींची बी वाळली की काही आठवड्यांतच निर्जीव होते, म्हणून ती पाकिटात जपून ठेवण्याची वस्तू नव्हे. गर पूर्ण काढावा आणि बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवावे, मात्र पाणी रोज बदलावे. भेरली माड व त्याच्या जवळच्या जातींच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात व ते त्वचेची आग करतात, तेव्हा हातमोजे घालावेत. माती ओलसर पण निचऱ्याची असावी आणि तापमान साधारण ३० ते ३५ अंश सेल्सियस राहील, अशी जागा निवडावी. २० अंशांखाली बी कुजत नसले, तरी थांबून राहते. घाईने वाफा मोडणाऱ्यांनी किती जिवंत बिया फेकल्या असतील, याचा विचार मनाला लागतो.

प्रश्न : जुन्या पानांवर नारिंगी ठिपके पडून टोके करपतात. ती पिवळी पाने कापत राहिलो, तर झाड अधिकच खालावले. असे का?

उत्तर : ही पालाशाच्या कमतरतेची खूण आहे, आणि झाड खालावण्याचे कारण कापणी हेच आहे. पालाश कमी पडले की पाम ते जुन्या पानांतून काढून नव्या वाढीला पुरवतो. ते पान कापले की त्यातला उरलेला साठाही जातो आणि झाड पुढच्या पानावर हात घालते. पान पूर्ण वाळेपर्यंत ते राहू द्यावे. खतात नत्र ८, स्फुरद २, पालाश १२ आणि मॅग्नेशियम ४ असे प्रमाण पामसाठी योग्य मानले जाते व ते सावकाश विरघळणारे असावे. बिघडलेले पान मात्र सुधारत नाही. नवी पाने येऊन संपूर्ण शेंडा बदलेपर्यंत एक-दोन वर्षे धीर धरावा लागतो.

जुन्या पानांच्या कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मध्ये हिरवे असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. नवीन पाने आखूड, चुरगळलेली व करपलेली येत असतील, तर मँगनीजची उणीव शोधावी. ती बहुधा चुनखडीच्या जमिनीत दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर एकमेव शेंडा मरून झाडच जाते.

प्रश्न : सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम दुर्मीळ पामच्या संग्रहात ठेवावेत का?

उत्तर : बागेत अवश्य ठेवावेत, पाम म्हणून नोंदवू नयेत. सायकस फुलेच न येणाऱ्या अनावृतबीजी वनस्पतींतला आहे, तर ट्रॅव्हलर्स पाम स्ट्रेलिट्झियाच्या (बर्ड ऑफ पॅराडाइजच्या) कुळातला.

प्रश्न : भेरली माडाला शेंड्याजवळ पहिला तुरा आला. आता झाड मरणार का?

उत्तर : होय, पण लगेच नाही. तुरे वरून खाली एकामागून एक येत राहतात आणि त्यात काही वर्षे जातात. शेवटचा तुरा फळला की ते खोड मरते. आपल्याकडची जात बेटाने, म्हणजे एकाच जागी अनेक खोडांनी वाढणारी असेल, तर बाजूची खोडे जगतात.

प्रश्न : ‘जंगलातून गोळा केलेल्या’ दुर्मीळ बिया मिळत आहेत. त्या अधिक अस्सल समजाव्यात का?

उत्तर : त्या घेऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. आज सर्वत्र दिसणाऱ्या फॉक्सटेल पामचे शास्त्रीय वर्णन १९८३ मध्ये झाले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल या एवढ्याशा प्रदेशातच तो निसर्गतः वाढतो, आणि त्याचे नाव जगभर पसरताच तेथील बियांची चोरी सुरू झाली. आता बागांतली झाडेच भरपूर बी देतात. दुसऱ्या टोकाला मॉरिशसमधील हायोफोर्बे अमारिकॉलिस आहे. त्याचे जगात एकच झाड उरले असून ते क्युरपिप येथील वनस्पती उद्यानात आहे. अशी झाडे जोवर उभी आहेत, तोवर रानातील एकेक बी रानातच पडायला हवे.

बागेतील बी घेताना मात्र मातृवृक्षाची जात, त्याच्या आसपास फुलणाऱ्या त्याच प्रजातीच्या इतर जाती, बी गोळा केल्याची तारीख आणि पेरणीची तारीख एवढे विचारून लिहून घ्यावे. शास्त्रीय नावेही बदलतात. घराघरात ‘अरेका पाम’ म्हणून असलेली जात अरेका नव्हेच, ती मादागास्करची आहे, आणि २०२२ मध्ये तिची प्रजाती डिप्सिसऐवजी पुन्हा क्रिसालिडोकार्पस ठरली. म्हणून पाटीवर जुने व नवे अशी दोन्ही नावे असावीत. ती पाटी धातूच्या पत्र्यावर कोरलेली असावी आणि खिळ्याने खोडाला न ठोकता शेजारी रोवावी, कारण पामच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही.