जर्मनीत रोबोटिक्समध्ये पीएचडी करायचीय? मग शेवटापासून सुरुवात कर

श्रुती, तुझा मेसेज वाचला, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. तू विचारलंयस की सोलापुरातनं मेकॅनिकल झालं, एमटेकही झालं, आता जर्मनीत रोबोटिक्समध्ये पीएचडी करायचीय, तर अ‍ॅडमिशन कशी मिळते, जीआरई परीक्षा लागते का, फी किती, वर्षं किती, आणि शेवटी लिहिलंयस की पप्पा सारखे विचारतायत, एवढं सगळं करून डिग्री हातात नक्की पडेल ना. पप्पांचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. इथं जर्मनीत माझ्यासोबत आलेल्यांपैकी प्रत्येकाला आत कसं यायचं ते पाठ होतं, पण डिग्री पूर्ण होते म्हणजे नेमकं काय काय होतं हे चौथ्या वर्षापर्यंत कुणालाच धड माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि त्याचा मला लई त्रास झाला.

म्हणून पहिलं काम हे कर. ज्या युनिव्हर्सिटीकडे तुझं लक्ष आहे तिथल्या फॅकल्टीची प्रोमोत्सिओन्सओर्डनुंग शोध. नाव अवघड आहे पण म्हणजे फक्त त्या फॅकल्टीचे पीएचडीचे नियम, वेबसाइटवर पीडीएफ असते, जर्मनमध्ये असली तर ट्रान्सलेटरमध्ये टाक. त्यात सगळं असतं, कुणाला घेतात, थेसिस एकच सलग ग्रंथ म्हणून द्यायचा का छापून आलेले पेपर जोडून चालतं, पेपर चालत असतील तर किती आणि त्यात तू पहिली लेखक किती ठिकाणी पाहिजेस, परीक्षक किती, तोंडी परीक्षा किती वेळाची. जर्मनीत सगळीकडे एकच नियम नाही, अगदी एकाच युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल आणि इन्फॉर्मॅटिक्सचे नियम वेगळे असतात आणि डिग्रीचं नावही बदलतं, इंजिनियरिंगवाल्यांना डॉक्टर इंजिनियर आणि इन्फॉर्मॅटिक्समध्ये बऱ्याचदा डॉक्टर रेर. नाट., म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट, मिळते. नोकरीत दोन्हीला सारखाच मान आहे, त्याची काळजी करू नकोस.

आता अ‍ॅडमिशन. आपल्याकडे पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, मग गाइड अलॉट होतो, तसं इथं नाही. इथं बहुतेक वेळा ती नोकरीच असते. प्रोफेसरच्या विभागाकडं प्रोजेक्टचा पैसा असतो, ते जाहिरात काढतात, तू अर्ज करतेस, इंटरव्ह्यू होतो, आणि तुला सरकारी वेतनश्रेणीत घेतात, तिला टीव्ही-एल ई१३ म्हणतात. इंजिनियरिंगमध्ये बहुतेक ठिकाणी पूर्ण पोस्ट मिळते, बाकी विषयांत अर्धी किंवा पाऊण देतात, म्हणून ऑफर आली की किती टक्के ते आधी विचार. २०२५ मध्ये पूर्ण पोस्टला पहिल्या पायरीवर महिना साडेचार हजार युरोच्या थोडं वर ग्रॉस होतं, टॅक्स आणि इन्शुरन्स कापून हातात साधारण ६० ते ६५ टक्के येतात. फी जवळजवळ नाहीच, फक्त नाव नोंदवलं तर सेमिस्टरची किरकोळ रक्कम भरायची. जीआरई लागत नाही. इंग्लिशचा पुरावा मागतात.

प्रोफेसरला मेल लिहिताना लांबलचक लिहू नकोस. त्यांचा कुठला पेपर वाचलास, त्यात काय पटलं, तू स्वतः काय बनवलंयस, तीन परिच्छेदांत संपव आणि खाली व्हिडिओची लिंक दे. रोबोटिक्सवाले व्हिडिओ बघतातच. तुझ्या एमटेकचा तो आर्म हलताना दिसू दे, मध्येच अडकला तरी तो भाग कापू नकोस, कुठं अडकला आणि का हे एका ओळीत लिही. माझ्या इंटरव्ह्यूत पाऊण तास फक्त त्यावरच बोलणं झालं होतं. आरओएस २ (रोबो चालवायचं सॉफ्टवेअर), सी प्लस प्लस आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं कर, पायथन तर येतच असेल.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव, म्युनिकजवळ ओबरफाफेनहोफेनला जर्मन एअरोस्पेस सेंटरची, म्हणजे डीएलआरची, रोबोटिक्सची मोठी इन्स्टिट्यूट आहे, शिवाय फ्राउनहोफर आहे, माक्स प्लांक आहे, या सगळ्या ठिकाणी पगारी काम मिळतं आणि काम एक नंबर असतं, पण या संस्था स्वतः पीएचडी देत नाहीत. डिग्री युनिव्हर्सिटीच देते. म्हणजे तिथं लागलीस तरी कुठल्यातरी युनिव्हर्सिटीतला प्रोफेसर तुझा गाइड व्हायला तयार पाहिजे आणि ते लेखी पाहिजे. माझा एक मित्र दीड वर्ष अशाच एका संस्थेत राबला, गाइड नंतर बघू म्हणाले, आणि नंतर प्रोफेसर शोधण्यात अजून आठ महिने गेले. आधीपासून सगळं बांधलेलं पाहिजे असेल तर स्टुटगार्ट आणि ट्युबिंगेनचा माक्स प्लांकचा इंटेलिजंट सिस्टिम्सचा प्रोग्रॅम बघ, तिथं एकच अर्ज आणि बरेच गाइड. अमेरिकेचं थोडक्यात सांगते, तिथं आधी दोनेक वर्षं कोर्स, मग क्वालिफायर म्हणजे पात्रता परीक्षा, मग प्रपोजल, मग डिफेन्स म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, पाच-सहा वर्षं धर, बीईवरनंही घेतात. कार्नेगी मेलनला तर रोबोटिक्सचा वेगळा पीएचडी प्रोग्रॅम १९८८ पासून आहे. इथं कोर्स जवळपास नसतात, पण मास्टर्स सहसा लागतंच.

त्या मास्टर्सवरनंच पुढचं. तुझी डिग्री त्यांच्या बरोबरीची आहे का हे फॅकल्टीची पीएचडी कमिटी ठरवते. अनाबिन नावाचा परदेशी डिग्र्यांचा डेटाबेस आहे, त्यात तुझ्या युनिव्हर्सिटीपुढं एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण, आहे का बघून ठेव. मार्क ते बव्हेरियन फॉर्म्युल्यानं बदलतात, त्यांच्याकडं १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास. दहापैकी ८.२ असतील आणि पासिंग ४ असेल तर १.९ येतात, चांगले आहेत. कधीकधी कमिटी अट घालते की अमुक दोन विषयांची परीक्षा देऊन मगच पुढं, ती अट कागदावर घे आणि पहिल्याच वर्षात उरकून टाक. आणि नावाचं बघ. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, खाली आईचं, आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम. मला एका शिक्क्यासाठी दोनदा विद्यापीठात जाऊन यावं लागलं. ते सगळं सोलापुरात असतानाच कर, इथनं ते काम दुसऱ्याच्या मागे लागून करावं लागतं आणि घरचे दमतात.

व्हिसा मुंबईच्या कॉन्सुलेटच्या हद्दीत येतो, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. नोकरीच्या करारावर येणार असशील तर रिसर्चर व्हिसा, त्याला संस्थेचा होस्टिंग करार लागतो आणि पगार असल्यामुळं ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच बँकेत अडकवून दाखवायची, भानगड नाही. स्टुडंट व्हिसा असला तर एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या डिग्र्या तपासल्याचा दाखला, पीएचडीला लागतं का ते आधी विचार, ते भारतातनं शिकायला येणाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, आणि त्याला वेळ लागतो. जर्मन भाषा लॅबमध्ये लागत नाही पण घर शोधताना, दवाखान्यात, सरकारी ऑफिसात लागते. पुण्याला मॅक्स म्युलर भवन आहे, तिथला कोर्स लावता आला तर लाव.

आता खरं काम, म्हणजे विषय. प्रोफेसर प्रोजेक्ट देतो पण थेसिसचा प्रश्न तुलाच काढावा लागतो. माझा विषय कपडा हाताळणारा रोबो. पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत जेकार्ड लूमवर जॉबर होते आणि आई टॉवेलच्या युनिटमध्ये घडी-पॅकिंगला जायची, त्यामुळं टॉवेल म्हणलं की मला घरच आठवतं. २०१० साली बर्कलीच्या टीमनं पीआर२ रोबोकडून टॉवेलची घडी घालून दाखवली होती, ५० पैकी ५० टॉवेल जमले पण एका टॉवेलला सरासरी वीस मिनिटांच्या वर लागले. त्यानंतर खूप प्रगती झाली, पण चुरगळून टाकलेल्या कपड्याचा कोपरा शोधणं अजून अवघडच आहे, कारण लोखंडाच्या तुकड्याचा आकार ठरलेला असतो, कपड्याचा नसतो. दुसऱ्या वर्षी मी सुट्टीला आले तेव्हा स्टुलावर मोबाइल ठेवून आईचा व्हिडिओ काढला. ती टॉवेल उचलते, एकदा हवेत झटकते, आणि मग उजव्या हाताचा अंगठा शिलाईच्या कडेवरनं सरकवत नेते, नजर दुसरीकडेच असते, आणि कोपरा आला की अंगठा आपोआप थांबतो. स्लो करून पन्नास वेळा बघितलं असेल मी ते. तिच्या अंगठ्याला कड जाड लागते आणि मधला भाग मऊ लागतो, एवढंच. आमच्या ग्रिपरच्या बोटाला तसा सेन्सर लावला आणि थेसिसचा तिसरा चॅप्टर तिथनं उभा राहिला. म्हणून सांगते, विषय शोधताना आपल्या गावातलं काम बघून ये, तू पण वाडियाच्या बाजूला सायकलवरनं फिरताना किती लूम बघितलेत.

पेपरचं कॅलेंडर भिंतीला लाव. रोबोटिक्समध्ये जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला वजन जास्त, इक्रा १९८४ पासून आहे, आयरॉस १९८८ पासून, मग आरएसएस आणि रोबो लर्निंगसाठी कोरल. इक्राला सप्टेंबरात पाठवायचं, निकाल जानेवारीच्या शेवटी, आयरॉसची तारीख मार्चच्या सुरुवातीला. म्हणजे इक्रात नापास झालं तर सुधारायला एकच महिना मिळतो, पण मिळतो, त्यामुळं रडत बसायचं नाही. आरए-एल हे लेटर्सवालं जर्नल वर्षभर घेतं, सहा पानं, आणि तोच पेपर कॉन्फरन्सला मांडता येतो. काही फॅकल्टी कॉन्फरन्स पेपर मोजतात, काही फक्त जर्नल मोजतात, परत त्या नियमांच्या पीडीएफमध्ये बघ. हार्डवेअर बिघडेल हे गृहीत धर. आमचा आर्म चार महिने दुरुस्तीला गेला होता, त्या काळात मी सिम्युलेशनवर एक पेपर काढला म्हणून वर्ष वाचलं.

वर्षं किती, तर चार ते पाच धर. शिकवणं, विद्यार्थ्यांचे थेसिस बघणं, प्रोजेक्टचे रिपोर्ट, हे सगळं त्याच वेळेत असतं. कायद्यानं पीएचडीआधी युनिव्हर्सिटीत अशा ठरावीक मुदतीच्या करारावर सहसा सहा वर्षंच राहता येतं. इंटरव्ह्यूत बिनधास्त विचार, तुमच्याकडच्या लोकांना सरासरी किती वर्षं लागली आणि मध्येच सोडून किती जण गेले. मग जुन्या विद्यार्थ्यांना वेगळं विचार.

आणि आता शेवट. थेसिस लिहून झाला की सबमिट करायचा, सोबत शपथपत्र की हे काम माझंच आहे. मग किमान दोन परीक्षक लेखी रिपोर्ट देतात. रिपोर्ट आले की थेसिस काही दिवस फॅकल्टीत सगळ्या प्रोफेसरांना बघायला ठेवतात, कुणी हरकत घेऊ शकतं. मग तोंडी परीक्षा, अर्धा-पाऊण तास तू बोलायचं आणि मग प्रश्न, ती बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना खुली असते. ग्रेड लॅटिनमध्ये, सगळ्यात वर सुम्मा कुम लाउडे आणि सगळ्यात खाली रिटे. बाहेर आलं की लॅबमधले पुठ्ठ्याची टोपी घालतात, त्यावर तुझ्या कामाच्या वस्तू चिकटवलेल्या, माझ्या टोपीवर छोटा टॉवेल होता आणि सोलापुरी चादरीचा तुकडा. घरचे व्हिडिओ कॉलवर होते, तिकडं संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, आई नुसती रडत होती.

पण त्या दिवशी तू डॉक्टर झालेली नसतेस. थेसिस प्रसिद्ध करावाच लागतो, परीक्षकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून लायब्ररीत ऑनलाइन किंवा छापील प्रती जमा करायच्या, त्याला मुदत असते, मग प्रमाणपत्र हातात येतं आणि त्यानंतरच नावापुढं डॉक्टर लावायचं. त्याआधी लावणं इथं कायद्यानं गुन्हा आहे. माझा एक परीक्षक रिपोर्ट द्यायला पाच महिने थांबला आणि मधेच माझा करार संपला, राहायचं परमिट त्या करारालाच बांधलेलं. गाइडनं तीन महिन्यांची मुदतवाढ मिळवून दिली म्हणून निभावलं. तू असं कर, करार संपायच्या तीन महिने आधी रोजगार ऑफिसात नाव नोंदव, मागच्या अडीच वर्षांत बारा महिने विमा भरलेला असला की बेकारी भत्ता मिळतो, आणि परमिटचं त्याच आठवड्यात फॉरेनर्स ऑफिसला विचार. दुसरा परीक्षक कोण हे चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच गाइडकडून ठरवून घे.

पप्पांना सांग, नियम लेखी असतात, थेसिस आणि तोंडी परीक्षा पास झाली आणि कागद पूर्ण असले की डिग्री मिळते, कुणाच्या मर्जीवर अडत नाही, फक्त उशीर होतो. मी गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत येतेय. तोवर तीन फॅकल्टींचे नियम काढून ठेव, दोन पानांचं प्रपोजल लिही आणि प्रिंट घेऊन घरी ये, आईसमोर बसून वाचू.