एंडोस्कोपीने काढलेल्या जठराच्या कॅन्सरची 'मार्जिन पॉझिटिव्ह' आली. बाबांचं ऑपरेशन करावंच लागेल का? (राहणार दारव्हा, यवतमाळ)

मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी दिसल्या. आधी रिपोर्टमध्ये कोणती मार्जिन ते पाहा. फक्त बाजूची असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बहुधा पुन्हा एंडोस्कोपीनेच उरलेलं काढता येतं. खालची, म्हणजे खोलीची मार्जिन पॉझिटिव्ह, सबम्युकोसात (आतल्या अस्तराखालच्या थरात) अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल शिरकाव, किंवा लसीकावाहिनीत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळीत) वा रक्तवाहिनीत कॅन्सरच्या पेशी, यांतलं एक जरी असलं तरी सहसा ऑपरेशन सुचवतात. जठराजवळच्या लसीकाग्रंथींत गेलेल्या बारीक पेशी सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, म्हणून जठराच्या भागासोबत त्या ग्रंथीही काढतात.

धोका मोजायला जपानी गुणपद्धत आहे. लसीकावाहिनीत पेशी असल्यास ३ गुण. गाठ ३ सेंमीपेक्षा मोठी, खालची मार्जिन, रक्तवाहिनी, खोल शिरकाव यांना प्रत्येकी १. बेरीज ०-१ आली तर ग्रंथींत पसरल्याची शक्यता सुमारे अडीच टक्के, ५ किंवा जास्त आली तर जवळपास २३. म्हणजे बहुतेकांच्या ग्रंथी स्वच्छच निघतात. वय फार झालेलं, हृदय कमजोर आणि गुण कमी असतील, तर ऑपरेशन न करता नियमित एंडोस्कोपी-सीटी करत राहणं हाही रास्त निर्णय आहे.

नागपूरला सर्जनकडे जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स (तपासलेल्या काचपट्ट्या) मागून घ्या, नाहीतर त्यासाठी पुन्हा फेरा पडतो. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. आणि कापूस वेचणी होऊ द्या म्हणून महिनोन्महिने ढकलू नका. पूर्ण जठर काढलं, तर बी-१२ जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं, बहुधा इंजेक्शनाने.