'व्यभिचार', 'जारकर्म' आणि 'देहाची कर्मे'

प्रश्न असा आला आहे : "मराठी बायबलमध्ये कुठे 'व्यभिचार' येतो, कुठे 'जारकर्म'. दोन्ही एकच की वेगळे? आणि 'देहाची कर्मे' ही यादी वाचली की शरीरच पापी आहे असं वाटतं. खरंच तसं म्हणायचं आहे का?"

हा प्रश्न मला जवळचा आहे. एका बायबल अभ्यासाच्या बैठकीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने हीच यादी वाचून विचारलं होतं, "जारकर्म म्हणजे जारणमारण का?" त्याच्याकडे कारणही होतं. प्रेषित पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्रातल्या पापांच्या त्या यादीत (५:१९-२१) थोडं पुढे चेटकाचाही उल्लेख आहे, म्हणून त्याने दोन्ही जोडून टाकले. कुणी हसलं नाही, कारण मोठ्यांपैकीही दोघा-तिघांना 'जार' म्हणजे काय ते सांगता येईना. शब्द वर्षानुवर्षं मोठ्याने वाचला जातो आणि अर्थ पोहोचतच नाही, याची मला तेव्हा फार खंत वाटली.

दोन्ही शब्द एक नाहीत. मत्तय १५:१९ मध्ये माणसाच्या अंतःकरणातून काय काय निघतं ते येशू सांगतो, तिथे हे दोन्ही शेजारी शेजारी येतात. मूळ ग्रीकमध्येही दोन शब्द आहेत : मोइखेइया आणि पोर्नेइया. मोइखेइया म्हणजे लग्नाच्या नात्याचा भंग. दहा आज्ञांमधलं "व्यभिचार करू नको" (निर्गम २०:१४) ते हेच. पोर्नेइयाचा पसारा मोठा आहे. लग्नाबाहेरचे सगळेच शरीरसंबंध त्यात येतात, मग करणारा विवाहित असो वा नसो.

'व्यभिचार' हा शब्द मला भाषांतरकारांच्या हाती लागलेलं सोनं वाटतो. वि + अभि + चर् : ठरलेल्या वाटेवरून ढळून भलतीकडे जाणं. आज आपण तो एकाच अर्थाने वापरतो, पण संस्कृतात त्याचा वावर फार मोठा होता. न्यायशास्त्रात म्हणजे तर्काच्या शास्त्रात, जो हेतू (ज्या खुणेवरून अनुमान करायचं ती) साध्याला (जे सिद्ध करायचं त्याला) सोडूनही आढळतो तो 'सव्यभिचार'. धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमान टिकतं. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे म्हणाल तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो, कारण तिथे अग्नी आहे, धूर नाही. हेतूने साथ सोडली, म्हणून तो व्यभिचारी. गीतेत तर भक्तीलाच विशेषण आहे, "भक्तिरव्यभिचारिणी" (१३:१०), म्हणजे दुसरीकडे न ढळणारी भक्ती.

आता होशेय संदेष्ट्याचं पुस्तक उघडा. इस्राएल परक्या दैवतांच्या मागे लागतं, तेव्हा देव त्याला नवऱ्याशी बेइमान झालेल्या बायकोची उपमा देतो. मूर्तिपूजा आणि व्यभिचार यांना एकाच तागडीत घालणारी ही हिब्रू कल्पना मराठीत आणताना एकही शब्द वाकवावा लागला नाही. साथ सोडणं हा अर्थ शब्दात आधीच होता. वाईट नजरेने स्त्रीकडे पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असं येशू म्हणतो (मत्तय ५:२८), तेही म्हणूनच मराठीत सहज बसतं. ढळायला हातपाय हलावे लागत नाहीत.

'जारकर्म' या शब्दाची गोष्ट वेगळी. जार म्हणजे परस्त्रीचा यार. वेदांत या शब्दाला डाग नव्हता. तिथे सूर्य उषेचा जार आहे, म्हणजे प्रियकर. यास्काने निरुक्त या वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात जार म्हणजे आदित्य, कारण तो रात्रीला जीर्ण करतो, अशी फोड केली आहे. पुढे मात्र शब्द चोरट्या संबंधापुरता उरला. 'जारज', 'जारिणी' हे त्याच घरातले. जारणमारणातलं 'जारण' याच्याशी गल्लत करू नये, तिथे जाळून-पोळून करायच्या मंत्रप्रयोगाचा अर्थ आहे.

काटेकोर पाहिलं तर 'जारकर्म' पोर्नेइयापेक्षा तोकडा आहे. दोघंही अविवाहित असतील तर जार कोण? पण ख्रिस्ती मराठीने वापरून वापरून त्याला रुंद केलं, आणि आज त्या परंपरेत तो पोर्नेइयाएवढाच व्यापतो. त्याची एक बाजू मला महत्त्वाची वाटते. या बाबतीत आपल्या भाषेत बाईसाठी शिव्यांची रास आहे, पुरुषाला झोंबेल असा शब्द शोधावा लागतो. 'जारकर्म' मात्र पुरुषाच्या नावाने सुरू होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात लोक व्यभिचारात धरलेल्या बाईला ओढत आणतात. तिच्यासोबतचा पुरुष कुठेच दिसत नाही. त्या गैरहजर माणसाला नाव देणारा शब्द आपल्याकडे आहे, तो टाकून देऊ नये.

पोर्नेइया हा शब्द पोर्ने म्हणजे वेश्या यावरून आला, आणि पोर्नेच्या मुळाशी 'विकणे' हे क्रियापद आहे. हे ध्यानात ठेवून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचा. करिंथच्या काही मंडळींचं म्हणणं होतं की सगळ्याची मोकळीक आहे, अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी. म्हणजे भूक लागली की भागवावी, शरीराचं काय एवढं. पौल एकेक उत्तर देत शेवटी म्हणतो की तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात. ज्या पापाच्या नावातच विक्री आहे, त्याच्यासमोर तो खरेदी ठेवतो. मराठीत हा धागा दिसत नाही. तो दाखवायला शब्दचर्चाच करावी लागते.

आता शरीराकडे. इथे मराठी बायबलने एक बारीक पण मोठं काम केलं आहे. ग्रीकमध्ये सोमा आणि सार्क्स असे दोन शब्द. सोमाला बहुतेक ठिकाणी 'शरीर' घेतलं, सार्क्सला 'देह'. म्हणून "हे माझे शरीर आहे" आणि "तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर", पण "देहाची कर्मे". पौलाच्या लेखणीत हा 'देह' पुष्कळदा हाडामांसाचा नसतोच. देवाला बाजूला सारून जगणाऱ्या माणसाची ती ओढ आहे. पटत नसेल तर गलतीकरांची यादीच मोजून पाहा. पंधरा गोष्टींपैकी पहिल्या तीनच कामवासनेशी निगडित आहेत. वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, हेवा अशा तब्बल आठ गोष्टी भांडणाच्या आहेत. हेवा करायला शरीर कुठे लागतं? तर नाही, शरीर पापी आहे असं ही यादी म्हणत नाही. कामवासनेची तीन पापं तेवढी मोठ्याने वाचायची आणि तट-फुटींवरून घाईने पुढे जायचं, ही सवय मात्र आपली.

घोटाळा होतो तो आपल्या कानामुळे. मराठी माणूस 'देह' ऐकतो तो 'देह ठेवला', 'नश्वर देह' यांच्या सुरात. जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा देही शरीर बदलतो, हे गीतेचं चित्र आपल्यात मुरलेलं आहे. त्या कानांनी "शब्द देही झाला" (योहान १:१४) ऐकलं तर वाटतं, परमेश्वराने काही काळ अंगरखा घातला. योहानाचं म्हणणं याहून धीट आहे : सार्क्स झाला, मांसाचा झाला. आणि पुनरुत्थानानंतरही येशू थोमाला हातांवरचे व्रण दाखवतो. अंगरखा टाकलेला नाही.

लैंगिक पापाबद्दलची सगळी ख्रिस्ती शिकवण मला वाटतं इथे टेकलेली आहे. शरीर क्षुद्र आहे म्हणून जपा, असं ती म्हणत नाही. शरीर अंगावर चढवलेली वस्तू असती, तर त्याने काय केलं याचं ओझं आतल्या माणसाला कशाला? पण शरीर म्हणजेच तुम्ही. म्हणून हे पाप माणूस आपल्याच शरीराविरुद्ध करतो, असं पौल करिंथकरांस त्याच पहिल्या पत्रात म्हणतो (६:१८). आणि लगेच पुढच्या अध्यायात पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार जसा, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा, असं लिहितो (७:४). त्या काळात या वाक्याचा पहिला अर्धा भाग कुणालाही मान्य झाला असता. दुसरा अर्धा ऐकून किती जण चपापले असतील!

हल्ली 'जारकर्म'ऐवजी 'लैंगिक अनैतिकता' लिहितात. तरुणांना ते चटकन कळतं, त्यामुळे माझा विरोध नाही. बैठकीत मी दोन्ही म्हणतो, आधी नवा, मग जुना.

एका शब्दाला मात्र हात लावू नये : 'जडणे'. उत्पत्ती २:२४ मध्ये पुरुष आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहतो, आणि ती दोघे एकदेह होतात. वेश्येशी जडणं आणि प्रभूशी जडणं, दोन्हींसाठी पौल एकच क्रियापद वापरतो (१ करिंथ ६:१६-१७), आणि ते ग्रीक क्रियापद 'कोला' म्हणजे सरस या शब्दावरून आलं आहे. सरसाने चिकटवलेल्या दोन फळ्या ओढून काढल्या तर सांध्यावर सुटत नाहीत. एकीचे तंतू दुसरीला लागून निघतात. आपल्याकडे प्रीती जडते, आजार जडतो, सवय जडते, खडा कोंदणात जडतो. सुधारित मजकुरात कुणी तिथे 'संबंध ठेवणे' किंवा 'एकत्र येणे' सुचवलं, तर त्यांना फळ्यांवरचे ते तंतू दाखवा.