फोनवर नाही, टेबलावर नाही, झाडाखाली

पोरी,

तुझा मेल वाचून आधी चिडलो, म्हणून उत्तराला उशीर झाला. चिडलो त्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर, थोडा महापालिकेच्या त्या वृक्ष अधिकारी साहेबांवर, आणि खोटं कशाला बोलू, थोडा तुझ्यावरही. तू विचारतेस, "काका, वृक्ष अधिकाऱ्याशी जुळवून घ्यायचं की भांडायचं?" या दोनच वाटा तुला कुणी दाखवल्या? दापोलीला चार वर्षं हॉर्टिकल्चर शिकलीस, झाडं छाटायला दोरावर माझ्या गड्यांपेक्षा सफाईनं चढतेस, आणि प्रश्न मात्र ठेकेदाराच्या मुकादमासारखा विचारतेस.

चहापाण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुला माझं मत माहीत आहे आणि मला तुझं. ते सोडून बोलू.

तुझ्या मेलमधून मला कळलं ते असं. सोसायटीच्या आवारात मोठा पर्जन्यवृक्ष. एक फांदी पार्किंगवर आलेली, तिच्या काखेत जुनी ढोली. तू बावीस पानांचा रिपोर्ट केलास, फोटो, आकृत्या, सगळं इंग्रजीत. तो विभाग कार्यालयात आवक-जावकला दिलास. मग परवानगी आली ती दोन ओळींची: धोकादायक फांद्यांची छाटणी करण्यास हरकत नाही. सेक्रेटरी म्हणतो, सगळ्याच फांद्या धोकादायक आहेत, बोडकं करा. साहेबांना फोन केलास तर ते म्हणाले, "तुम्ही तज्ज्ञ आहात, तुम्हीच बघा." आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, एक फांदी जरी उतरवलीत तर पोलिसांत जाईन.

यात साहेब झाडाखाली आले कधी? मेल मी दोनदा वाचला. पाहणीला कोणी येऊन गेलं असेलही, पण तू तिथे नव्हतीस. म्हणजे तू एका फांदीकडे बघून लिहिलंस, त्यांनी दुसऱ्याच फांदीकडे बघून सही केली, सेक्रेटरीच्या डोक्यात तिसरीच फांदी आहे. कागद एकच. भांडण याचंच आहे, पोरी. स्वभावाचं नाही, पगाराचं नाही, सरकारी-खासगीचंही नाही. आधी झाडाखाली भेटायचं, मग कागद. मी हे तुला याआधीही सांगितलंय, आणि या पत्रात अजून बऱ्याचदा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

साहेबांनी मोघम का लिहिलं, ते समजून घे. त्यांच्याकडे एक अख्खा विभाग. मुंबईच्या मागच्या गणनेत साडेएकोणतीस लाखांच्या वर झाडं निघाली. विभागांत वाटलीस तरी एकेका माणसाच्या वाट्याला किती येतात, हिशेब कर. वर उद्यानं, दुभाजक, नगरसेवकांचे फोन. बऱ्याच ठिकाणी तर हा कार्यभार ज्याच्याकडे येतो त्याचं शिक्षण दुसऱ्याच विषयात झालेलं असतं. आणि भीती दोन्ही बाजूंनी. २०१७ च्या जुलैत चेंबूरला रस्त्यानं चाललेल्या एका बाईंवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. ते झाड काढा अशी मागणी आधी झाली होती आणि झाड धोकादायक नाही म्हणून ती नाकारली गेली होती, हे सगळ्या पेपरांत आलं. त्यानंतर नकाराच्या कागदावर सही करताना कुणाचाही हात थांबणारच. उलट बाजूला, ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत रातोरात झाडं तोडली गेली, तेव्हापासून करवत घेतलेला माणूस दिसला की लोक मोबाइल काढून उभे राहतात. मग हा माणूस काय करणार? असं लिहिणार की झाड पडलं तरी तो सुटेल आणि झाड जास्त कापलं गेलं तरी तो सुटेल. मधे सापडणार कोण? ज्याच्या हातात मशीन आहे तो. म्हणजे तू.

आणि ही थट्टा नाही. १९७५ चा आपला झाडांचा कायदा 'तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं आणि झाडाला कसलीही इजा करणं हे सगळं धरतो. शेंडा मारून, फांद्यांचे सोटे ठेवून तू छाटणी म्हणून बिल लावशील, पण कुणी खमक्या नागरिकानं तक्रार केली तर ती छाटणी राहणार नाही. तेव्हा साहेब म्हणतील, मी फक्त धोकादायक फांद्या म्हटलं होतं. आणि खरंच त्यांनी तेवढंच म्हटलेलं असेल.

म्हणून झाडाखाली. साहेब येत नसतील तर उद्यान सहायक येऊ दे, पण कुणीतरी येऊ दे. टेप घेऊन जा. घेर छातीच्या उंचीवर दोघांनी मिळून मोजा. जी फांदी उतरवायची तिच्याखाली उभं राहून बोट दाखव आणि विचार, "हीच ना?" त्यांनाही बोट दाखवायला लाव. मग त्याच जागी, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिही: पूर्वेकडची, पार्किंगवरची, जमिनीपासून इतक्या उंचीवरची, इतक्या घेराची एक फांदी, अमुक दुबेळक्यापर्यंत आखूड करणे, बाकी छत्राला हात लावणे नाही. अर्धं पान पुरतं. त्या अर्ध्या पानावर सही घे आणि मूळ अर्जाला जोडायला दे. तुझा बावीस पानांचा रिपोर्ट कपाटात राहू दे, कोर्टात गेलीस तर उपयोगी पडेल.

तू लिहिलंयस की साहेब "खोडालगत साफ कापा आणि गेरू फासा" म्हणाले आणि तू त्यांना शायगोंचा दाखला दिलास. दिलास तो बरोबर होता. त्या अमेरिकन माणसानं आयुष्यभर झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालून ती कोंडतं. फांदीच्या बुडाची सुजलेली कॉलर कापली की ती भिंतच जाते आणि कूज खोडात शिरते. गेरूनं किंवा बोर्डो पेस्ट या बुरशीनाशक लेपानं ती कूज अडत नाही. सगळं खरं. पण टेबलापलीकडे बसलेल्या, तुझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला तू परदेशी नाव फेकून मारलंस. त्यांनी काय करावं अशी तुझी अपेक्षा होती? त्याच पर्जन्यवृक्षावर दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी खोडालगत साफ मारलेला घाव असेलच, आपल्याकडे असतोच. तिथे त्यांना ने. स्क्रूड्रायव्हर हातात दे. तो मुठीपर्यंत आत गेला की शायगोंचं नाव घ्यायची गरज उरत नाही. मग शेजारी कॉलर राखून कापलेला, कडेनं गोल वळ धरलेला घाव दाखव. मी हे कितीतरी साहेबांना दाखवलंय. एकानंही वाद घातला नाही. तेच साहेब ऑफिसात मला उभं करत नव्हते.

आता जरा माझ्याबद्दल, कारण तू कुठूनतरी ऐकलंयस आणि विचारायला लाजतेस. हो, मी एका महापालिकेचं पावसाळापूर्व छाटणीचं काम सोडलं. काढून टाकलं नाही मला, मी सोडलं. दर होता झाडामागे. गुलमोहर असो की वड, तासाभराचं काम असो की दिवसभराचं, मोजायचं झाड. मुदत मेअखेर. मी एवढंच मागितलं की मोठ्या झाडापाशी त्यांचा एक माणूस उभा करा, कुठे थांबायचं ते दोघं मिळून ठरवू. उत्तर आलं, एवढी माणसं नाहीत. मी म्हटलं, मग माझीही नाहीत. भागीदार म्हणाला, तुझ्या या झाडाखालच्या हट्टापायी आपण उपाशी मरू. तो मेला नाही, दोन ट्रक घेतले त्यानं. त्यानं शेंडे मारलेली झाडं मी अजूनही बघतो. दर सोट्यावर झाडूसारखी फूट, सालीला नुसती चिकटलेली, आणि चार पावसाळ्यांनी तीच रस्त्यावर. मग पुन्हा टेंडर. तो हुशार निघाला म्हणतात. म्हणू देत. त्याच्याशी बोलणं तुटलं याचं वाईट वाटतं, फार वाटतं, त्याच्या मुलीच्या लग्नालाही मी गेलो नाही. पण काम सोडल्याचं वाटत नाही. आज विचारलंस तरी सोडीन.

आणि याचा अर्थ सगळे अधिकारी तसेच, असा घेऊ नकोस. एक साहेब असे होते की सकाळी ऑफिसआधी स्कूटरवरून यायचे, बुंध्यावर थापटी मारून पोकळ आवाज ऐकायचे, मला म्हणायचे, "ही वाळकी फांदी राहू दे, तांबटानं भोक पाडलंय." मला ते भोक दिसलंच नव्हतं, मी फक्त वाळकं लाकूड बघत होतो. आमच्यात सगळं तोंडी चालायचं, इतका विश्वास. मग त्यांची बदली झाली, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसापुढे मी कोण? एक ठेकेदार. विश्वास बदलीबरोबर निघून जातो. अर्धं पान फाइलीत राहतं. म्हणून आधी झाडाखाली, आणि मग कागद. दोन्ही. 'साहेब आपले आहेत' या भरवशावर राहू नकोस, फार चांगले असले तर मुळीच नको.

तुला एक गोष्ट अजून दिसलेली नाही, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोसायटी तुला पैसे देते, म्हणून तू सोसायटीला काही गोष्टी सांगू शकत नाहीस. साहेब सांगू शकतात. त्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत ना? तुझ्या फोटोत दिसतात. पाणी मुरायला वीतभर जागा नाही. दिल्लीतल्या झाडांसाठी हरित लवादानं २०१३ मध्येच सांगितलं होतं की बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढा. तू सेक्रेटरीला सांगितलंस तर तो म्हणेल, मॅडम, कोटेशन फांदीचं आहे. साहेबांनी परवानगीतच अट म्हणून लिहिलं की ब्लॉक काढून माती मोकळी करणे, तर तोच सेक्रेटरी रविवारी पहार घेऊन उभा राहील. पण ही अट त्यांना ऑफिसात सुचणार नाही. ती बुंध्यापाशी उभं राहिल्यावर, ब्लॉकवर बूट वाजल्यावरच सुचते.

वयाचंही तसंच. सेक्रेटरी तुला म्हणालाय की झाड चाळीस वर्षांचं लिहा. तो का म्हणतोय ते तुला कळलंय ना? २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडायचं झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. आज छाटणी, उद्या पुनर्विकास. त्याला कागदावर आत्ताच चाळीस हवेत. तू आकडा लिहू नकोस. पर्जन्यवृक्ष भराभर वाढतो, नुसत्या घेरावरून वय सांगायला गेलीस तर फसशील. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खाली बोलव. इमारत कधी झाली, रोप कुणी आणलं, तेव्हा ते केवढं होतं, हे त्यांना माहीत असतं. साहेबांसमोर सांगू दे. आणि एकदा झाडाखाली आल्या की त्यांनाही दाखव, नेमकी कुठली फांदी आणि का. बहुतेक त्या पोलिसांत जाणार नाहीत. गेल्याच तर साहेब तिथे होते, हे त्यांनीच पाहिलेलं असेल.

साहेब आले आणि म्हणाले की अख्खी फांदी बुडापासून काढा, तर? तुला पटत नसेल तर तिथेच सांग, सेक्रेटरीसमोर नको, दोन पावलं बाजूला घेऊन. तरीही ते अडले तर लिहून मागावं. तेही देत नसतील तर काम करू नकोस. यात जुळवून घेणं नाही आणि भांडणही नाही. पैसे जातील. मी म्हणतोय म्हणजे मला माहीत आहे.

आता कामाचं. मे उजाडायची वाट बघू नकोस, मेमध्ये सगळ्या शहराला एकाच वेळी आपली फांदी धोकादायक वाटायला लागते आणि साहेब सापडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलव. सकाळची वेळ माग, ऑफिसात जाण्याआधीची. संध्याकाळी नको, पर्जन्यवृक्ष पानं मिटून घेतो आणि छत्र आहे त्याहून विरळ दिसतं, मग सेक्रेटरी म्हणेल, बघा साहेब, झाड वाळतच चाललंय. पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारा तो पांढरा किडा, दिसतोय का तेही त्याच वेळी बघून घे, मुंबईत त्यानं कितीतरी पर्जन्यवृक्ष नेलेत. दिसला तर अर्ध्या पानावर तोही लिही. दोर, हारनेस, मशीन काही नेऊ नकोस त्या दिवशी. मशीन दिसलं की लोकांना वाटतं सगळं ठरलंय.

आणि तो इंग्रजी रिपोर्ट साहेबांकडून परत मागू नकोस. नवा, मराठीत, अर्धं पान दे. पहिल्याबद्दल अवाक्षर नको.

दिवस ठरला की कळव. मीही येईन. मागे उभा राहीन, बोलणार नाही. बोलायला लागलो तर खुशाल कोपर मार.

तुझा,
काका