‘कुभांड’, ‘कारस्थान’ आणि ‘कुलंगडी’ : बड्यांवरील लैंगिक आरोपांना काय म्हणावे?

एका वाचकांनी विचारले आहे की, मोठ्या पदावरील व्यक्तीवर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला की एका वृत्तपत्रात ‘प्रकरण उघडकीस’ असे छापून येते, दुसऱ्यात ‘विरोधकांचे कुभांड’ असा मथळा असतो आणि तिसरे ‘राजकारणप्रेरित आरोप’ असे लिहून मोकळे होते. यांपैकी नेमका शब्द कोणता, आणि ‘राजकारणप्रेरित’ याचा अर्थ ‘खोटा’ असा घ्यावा काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : तसा अर्थ घेऊ नये. ‘कुभांड’ हा शब्द आरोप खोटा असल्याचे सांगतो, ‘राजकारणप्रेरित’ हा शब्द आरोप पुढे आणणाऱ्याच्या हेतूविषयी बोलतो, आणि ‘प्रकरण’ या दोहोंविषयी काहीच सांगत नाही. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि बड्या व्यक्तींवरचे असे आरोप खरे असतात की राजकीय, हा वाद बहुधा तिथेच भरकटतो.

खोट्या आरोपासाठी मराठीत शब्दांची मोठी श्रीमंती आहे. ‘आळ’ येतो किंवा घेतला जातो. स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ श्रीकृष्णावर आला, या कथेमुळे तो शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या कानावर लहानपणीच पडलेला असतो. ‘बालंट’ अंगावर येते, म्हणजे ध्यानीमनी नसताना कोसळते. ‘किटाळ’ म्हणजे मुळात ठिणगी. ती उडते, अंगावर पडते आणि नशीब असेल तर दूर होते. ‘कुभांड’ मात्र आपोआप येत नाही, ते रचावे लागते, आणि म्हणूनच ते रचणारा कोणीतरी ‘कुभांडी’ असावा लागतो. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे : ज्याच्याविषयी ते वापरले जातात तो निर्दोष आहे, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेले असते. मंत्र्याच्या समर्थकाने ‘हे कुभांड आहे’ म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण ते त्याचे मत आहे. वार्ताहराने अवतरणचिन्हांशिवाय ‘कुभांड’ लिहिले, तर न्यायाधीश निकाल देण्यापूर्वी त्यानेच तो देऊन टाकलेला असतो.

उलट बाजूच्या शब्दांकडे पाहिले की चित्र पूर्ण होते. ‘बिंग फुटते’, ‘पितळ उघडे पडते’, ‘कुलंगडी बाहेर काढली जातात’. बिंग फुटण्यासाठी मुळात बिंग असावे लागते, म्हणजे या वाक्प्रचारांत गोष्ट खरी असल्याचे गृहीत धरलेले आहे. त्यातही ‘कुलंगडी बाहेर काढणे’ हा प्रयोग मला या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो दोन गोष्टी एकाच वेळी सांगतो : जे बाहेर आले ते लपवलेले वास्तव आहे, आणि ज्याने ते बाहेर काढले त्याचा हेतू शुद्ध नाही. भांडणात पडलेल्या दोघांनीच एकमेकांची कुलंगडी काढायची असतात. सत्यशोधनासाठी ती कोणी काढत नाही. गोष्ट खरी आणि हेतू वैराचा, असे दोन्ही असू शकते, हे आपली बोली केव्हापासून जाणून आहे. वृत्तपत्री मराठीने मात्र हा शब्द ग्राम्य मानून बाजूला ठेवला आणि ‘खरे की राजकीय’ अशी जोडी उचलली, जणू त्यातले एक सिद्ध झाले की दुसरे आपोआप बाद होते.

ही जोडी किती फसवी आहे हे आयर्लंडचे नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने त्यांच्या नावावरची पत्रे छापली, डब्लिनमधील फिनिक्स पार्कमध्ये झालेल्या राजकीय हत्यांना पार्नेल यांची सहानुभूती होती, असे त्यांतून दिसत होते. चौकशी आयोगापुढे १८८९ च्या फेब्रुवारीत, ही पत्रे पुरवणाऱ्या रिचर्ड पिगट नावाच्या पत्रकाराची उलटतपासणी झाली. वकिलाने त्याच्याकडून काही शब्द लिहून घेतले, त्यांत ‘हेझिटन्सी’ हा इंग्रजी शब्द होता. पिगटने त्यात ‘ए’च्या जागी ‘ई’ लिहिला, आणि पार्नेल यांच्या नावावरच्या एका पत्रातही नेमकी तीच चूक होती. शुद्धलेखनाच्या एका अक्षराने बनावट उघडी पडली. हे शंभर टक्के कुभांड होते, आणि तो शब्द इथे कोणीही निःशंकपणे वापरावा.

पण त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कॅप्टन ओशे यांनी आपल्या पत्नीविरुद्ध घटस्फोटाचा दावा दाखल केला आणि त्यात तिचे प्रियकर म्हणून पार्नेल यांचे नाव घातले. एकदा कुभांडातून निष्कलंक बाहेर पडलेला नेता दुसऱ्यांदाही तसाच बाहेर पडेल, अशी अनेक समर्थकांची खात्री होती. या वेळी मात्र आरोप खरा होता. संबंध अनेक वर्षांचे होते, पार्नेल यांनी दावा लढवला नाही, आणि १८९० संपण्यापूर्वी त्यांचा पक्ष दुभंगला. पतीला हे सारे आधीपासून ठाऊक असावे, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मग त्यांनी नेमकी हीच वेळ का निवडली, यावर आजही लिहिले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर काहीही निघाले तरी संबंध खोटे ठरत नाहीत. एकाच माणसावर तीन वर्षांच्या आत एक कुभांड आले आणि एक कुलंगडे निघाले, आणि दोन्हींमुळे हर्ष झालेले विरोधक तेच होते.

आता ‘कट’, ‘कारस्थान’ आणि ‘षड्यंत्र’ यांच्याकडे वळू. हे शब्द सर्रास ‘कुभांड’च्या अर्थाने वापरले जातात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी गफलत आहे. कारस्थान म्हणजे संगनमताने, गुप्तपणे आखलेला डाव. डावात वापरलेली सामग्री खरी आहे की बनावट, याविषयी तो शब्द मौन पाळतो. रशियात १९९९ च्या मार्चमध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा एक चित्रफीत दाखवण्यात आली. तिच्यात दोन स्त्रियांसोबत एक पुरुष होता आणि निवेदनात त्याचा उल्लेख ‘महाअभियोक्त्यासारखा दिसणारा माणूस’ असा केला गेला. महाअभियोक्ता, म्हणजे देशाचे सर्वोच्च सरकारी वकील, युरी स्कुरातोव्ह त्या काळात क्रेमलिनच्या नूतनीकरणाच्या कंत्राटांतील लाचखोरीची चौकशी करत होते, आणि तिचे धागे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या निकटवर्तीयांपर्यंत पोचत होते. चित्रफितीतील माणूस स्कुरातोव्हच आहेत, असे पुढे सुरक्षा यंत्रणेचे तत्कालीन प्रमुख व्लादिमिर पुतिन यांनी जाहीर केले. स्कुरातोव्ह यांनी ते नाकारले. त्या फितीत कोण होते याविषयी कोणी काहीही मानो, ती छुपेपणाने टिपली गेली, जपून ठेवली गेली आणि चौकशी अडचणीची ठरू लागल्यावर बाहेर आली, यावरून कारस्थान दिसतेच. रशियन भाषेत अशा सामग्रीला ‘कोम्प्रोमात’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात खरी व बनावट अशी दोन्ही सामग्री मावते. मराठी लेखकाने ‘कारस्थान’ लिहिताना तेवढेच भान ठेवले तरी पुरे आहे.

‘प्रेरित’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. ‘राजकारणप्रेरित आरोप’ म्हटले की विशेषण आरोपाला चिकटते, आणि प्रेरणा नेमकी कोणाची हे वाक्याबाहेर राहते. तक्रार करणारी व्यक्ती, तिला वकील मिळवून देणारा, ती बातमी छापणारा, खटला चालवणारा आणि विधिमंडळात राजीनामा मागणारा, ही सारी वेगवेगळी माणसे असतात आणि त्यांचे हेतूही वेगवेगळे असू शकतात. २७ जानेवारी १९९८ रोजी हिलरी क्लिंटन यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपल्या पतीविरुद्ध उजव्या गटांचे व्यापक कारस्थान चालू असल्याचे सांगितले. क्लिंटनविरोधी वकिलांचा एक गट पडद्याआडून काम करत होता, हे पुढे उघडही झाले. पण त्याच वर्षी १७ ऑगस्टला अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमधील माजी प्रशिक्षणार्थी मोनिका लेविन्स्की यांच्याशी असलेला अनुचित संबंध कबूल केला. विरोधकांचे हेतू त्या कबुलीने शुद्ध झाले नाहीत, आणि त्या हेतूंमुळे घडलेली गोष्ट न घडलेली झाली नाही. म्हणून माझी सूचना अशी की, ‘प्रेरित’ लिहायचेच असेल तर कर्ता लिहावा : ‘विरोधी पक्षाने हा विषय निवडणुकीच्या तोंडावर उचलला’ हे वाक्य लांब आहे, पण ते तक्रारदाराच्या अंगावर पक्षाचा हेतू ढकलत नाही.

‘प्रकरण’ हा शब्द तटस्थ असल्याने निर्धोक वाटतो. तोही पूर्ण निर्धोक नाही, कारण त्याच्या पोटात परस्परसंमतीचा विवाहबाह्य संबंध, कनिष्ठ कर्मचाऱ्यावर पदाच्या जोरावर आणलेला दबाव आणि बलात्कार हे तिन्ही सामावून जातात. ‘लैंगिक प्रकरण खरे आहे का?’ या प्रश्नाला अर्थ येण्यासाठी आधी नेमके काय घडल्याचे म्हटले आहे ते सांगायला हवे. ‘भानगड’ तर याहून वाईट. ‘साहेबांची बाईची भानगड निघाली’ हे वाक्य एकदा जवळून पाहावे : भानगड साहेबांच्या मालकीची, बाई त्या भानगडीचे नुसते विशेषण, आणि जे निघाले ते गुंतागुंतीचे, दोन्ही बाजूंचा दोष असलेले काहीतरी. कार्यालयात जबरदस्ती सोसलेल्या स्त्रीसाठी हे वाक्य म्हणजे दुसरा अन्याय आहे, आणि ‘अनैतिक संबंध’ हा प्रतिष्ठित दिसणारा शब्दही अशा ठिकाणी तेच करतो.

इस्राएलचे माजी राष्ट्राध्यक्ष मोशे कात्साव यांचा खटला या संदर्भात फार बोलका आहे. २००६ मध्ये त्यांनी स्वतःच देशाच्या महान्यायवादींकडे जाऊन, एक माजी कर्मचारी आपल्याला धमकावून पैसे उकळू पाहत आहे, असे सांगितले. चौकशी सुरू झाली आणि ती त्यांच्याच दिशेने वळली. इतर स्त्रियांच्या तक्रारी पुढे आल्या. आपल्याविरुद्ध पोलीस आणि प्रसारमाध्यमे यांनी मोहीम उघडली आहे, असे ते जाहीरपणे म्हणत राहिले, आणि सौम्य आरोपांवर मिटवण्याचा आधी झालेला समझोताही त्यांनी २००८ मध्ये मोडला. ३० डिसेंबर २०१० रोजी न्यायालयाने त्यांना बलात्काराबद्दल दोषी ठरवले आणि पुढच्या मार्चमध्ये सात वर्षांची कैद सुनावली. बलात्काराची घटना ते पर्यटनमंत्री असतानाची, म्हणजे बरीच जुनी होती. ‘इतकी वर्षे गप्प का होत्या?’ हा प्रश्न कारस्थानाचा पुरावा म्हणून नेहमी विचारला जातो. पण ज्याच्या हाती नोकरी, बढती आणि पोलीस आहेत त्याच्याविरुद्ध लोक त्याची पकड सैल झाल्यावरच बोलतात, आणि पकड सैल होण्याची वेळ ही साहजिकच राजकीय उलथापालथीची वेळ असते. उशीर आणि योगायोग या दोन्हींचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणून त्यांना पुरावा म्हणू नये.

संशयाला जागा कधी असते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उत्तर एकांगी होईल. मलेशियाचे उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांना पंतप्रधानांशी मतभेद झाल्यानंतर १९९८ मध्ये पदावरून काढण्यात आले आणि त्यानंतर समलिंगी संबंधांच्या आरोपावरून शिक्षा झाली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ते विरोधी पक्षनेते म्हणून पुन्हा उभे राहताच २००८ मध्ये तशाच स्वरूपाचा दुसरा आरोप आला. त्यात २०१२ मध्ये सुटका झाली, २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती उलटवली, २०१५ मध्ये शिक्षा कायम झाली आणि २०१८ मध्ये सत्तांतर होताच राजाने पूर्ण माफी दिली. इथे आरोपामागे राज्ययंत्रणेचे बळ होते, समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा एरवी क्वचितच वापरला जाणारा होता, आणि आरोपी त्या वेळी सत्तेबाहेर होता. अशा ठिकाणी ‘राजकीय खटला’ हा शब्दप्रयोग मला रास्त वाटतो, कारण तो आरोपीच्या निर्दोषत्वाविषयी काही न बोलता खटल्याच्या चालवण्याविषयी बोलतो. आरोप करणारा दुबळा आणि आरोपी सत्तेवर असेल, तर तोच शब्द लावण्यापूर्वी हात आखडावा.

निकालानंतरचे शब्दही जपून वापरावेत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख डॉमिनिक स्ट्रॉस-कान यांना मे २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॉटेलातील कर्मचारी स्त्रीच्या तक्रारीवरून अटक झाली. ते फ्रान्सच्या अध्यक्षपदाचे संभाव्य उमेदवार असल्याने कारस्थानाची चर्चा लगेच सुरू झाली. ऑगस्टमध्ये, तक्रारदाराच्या इतर विधानांतील विसंगतींमुळे खटला टिकणार नाही, असे म्हणून अभियोक्त्यांनी आरोप मागे घेतले. दिवाणी दावा डिसेंबर २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. याला ‘निर्दोष सुटका’ म्हणता येत नाही, कारण खटलाच चालला नाही, आणि ‘कुभांड सिद्ध झाले’ असेही म्हणता येत नाही. ‘क्लीन चिट’ हा सध्याचा लाडका शब्द तर इथे टाळावाच, कारण ‘आरोप मागे घेतले’, ‘संशयाचा फायदा मिळाला’ आणि ‘आरोप खोटा ठरला’ या तीन निराळ्या गोष्टी तो एकाच रंगाने रंगवतो.

वाचकांनी पाठवलेल्या मथळ्यांपैकी एखादा सुधारायचाच झाला, तर मी असा लिहीन : ‘कनिष्ठ कर्मचाऱ्याची सचिवांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार, विरोधकांचा यामागे हात असल्याचा सचिवांचा दावा’. तक्रार कोणाची, कशाची, आणि हेतूविषयीचे म्हणणे कोणाचे, हे तिन्ही त्यात आले आहे. ‘कथित’ हे विशेषण वापरायचे असेल तर ते ‘छळ’ या शब्दाआधी यावे, ‘पीडित’ या शब्दाआधी येऊ नये. तक्रार निकालात निघेपर्यंत ‘तक्रारदार’ हा साधा शब्द पुरतो.