आर्जिनिनची पावडर घेतली तर इकोस्प्रिन बंद करता येईल का?

नाही. इकोस्प्रिन म्हणजे गुठळी रोखणारी ॲस्पिरिनची गोळी, ती बंद करू नका.

तुमच्या सासऱ्यांना स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) बसवलाय आणि जिममधला कुणीतरी म्हणतो, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनतो, त्याने गुठळी होत नाही, मग गोळी कशाला. गंगावेशीत माझं मेडिकल आहे, तालमीतली पोरंही हीच पावडर मागतात (त्यांना मी थंडाईवर भागवा म्हणतो), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. धमनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो, एंडोथेलियम. तो आर्जिनिनपासून सतत नायट्रिक ऑक्साइड बनवतो. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात भिंतीलगतच्या प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशीमध्ये) शिरतो. आत ग्वानिलेट सायक्लेज नावाचं एन्झाइम जागं होतं, सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि कॅल्शियम खाली राहतं. कॅल्शियम चढल्याशिवाय प्लेटलेट आकार बदलत नाही, काटे काढत नाही, शेजारच्या प्लेटलेटला चिकटत नाही. धमनीतली गुठळी मुख्यतः प्लेटलेटचीच, म्हणून या वायूला तिथे एवढं महत्त्व. १९९८ चं नोबेल मिळालं ते या शोधाला, पावडरच्या डब्याला नव्हे.

आता सासऱ्यांचं बघा. फुगा फुगवून स्टेंट बसवताना नेमका हाच थर खरवडला जातो. धातूवर नवा थर यायला महिने लागतात. तोवर तिथे वायू बनवणारं कुणी नाही. कारागीरच नसताना कच्चा माल ओतून काय होणार? शिवाय पेशींत आर्जिनिन सहसा पुरेसं असतंच. शुगर असेल किंवा बिडी-सिगरेट चालू असेल तर तयार झालेला वायूही सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपाशी भिडून वाया जातो.

इकोस्प्रिनचं काम वेगळ्याच वाटेवर चालतं. चिकटलेली प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून बाकीच्यांना बोलावते, ते बनणंच ॲस्पिरिन बंद पाडतं. सोबतची दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल, आणखी एक दार लावते. या दोन्हींची जागा पावडर घेऊ शकत नाही.

आणि पावडर निरुपद्रवी आहे असंही समजू नका. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर चाचणी केली, २००६ साली ती छापून आली. फायदा काहीच दिसला नाही. उलट आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. संख्या लहान आहे, योगायोगही असेल, पण माझ्या घरच्या माणसाला मी देणार नाही.

वायू वाढवायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून त्यांना रोज रंकाळ्यावर चालवा. रक्ताचा वेग वाढला की भिंतीवर घासण्याचा ताण वाढतो आणि शाबूत असलेलं एंडोथेलियम त्या ताणानेच जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडतं. दोन्ही गोळ्या किती महिने, ते मात्र कार्डिओलॉजिस्टच सांगतील.